पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदनाचा योगक्षेम

एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्रांत ‘ईश्वरावर भार टाकला आणि कार्य सिद्धीस गेलें’ असें वाक्य आलें, कीं भाविक तेथें हात जोडतो आणि संशोधक पान उलटतो. दोघेहि त्या वाक्याचा तपास करीत नाहींत. वस्तुतः भार कोणता टाकला, कोणत्या वर्षीं टाकला, टाकण्यापूर्वीं हातांत काय होतें, आणि टाकल्यानंतर हातांनीं काय केलें, हे चारहि प्रश्न कागदपत्रांवरून सोडवितां येण्याजोगे आहेत. ईश्वर आहे कीं नाहीं याचा निवाडा करणें इतिहासाच्या अधिकाराबाहेरचें होय. पण अमुक व्यक्तीनें अमुक सालीं ईश्वरावर विसंबून अमुक केलें, ही घटना मात्र पूर्णपणें त्याच्या अधिकारांतली आहे. प्रस्तुत लेखांत पंडिता रमाबाई सरस्वती यांच्या ख्रिस्ती सेवाकार्याचा या एका अंगानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

रमाबाईंविषयीं महाराष्ट्रांत दोन पक्ष फार दिवस नांदले. एक म्हणे, त्यांची श्रद्धा म्हणजे परदेशी पैशावर घातलेलें पांघरूण. दुसरा म्हणे, केडगांवास धान्य आणि द्रव्य केवळ प्रार्थनेच्या बळावर वर्षत होतें. दोन्ही पक्षांची चूक एकाच जातीची आहे. त्यांनीं पंचवीस-तीस वर्षांचे कागद एकत्र कालवून वाचले; साल पाहून वाचले नाहींत.

साधनांची प्रतवारी प्रथम केली पाहिजे. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपल्या वाचकांच्या मनावर ठसविला. तोच भेद येथें उपयोगी पडतो. रमाबाईंनीं आपली धर्मसाक्ष १९०७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केली. ती प्रांजळ आहे, परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावरून मागें वळून लिहिलेली आहे. म्हणजे तिचें स्वरूप बखरीचें. याच्या उलट, इंग्लंडांतील वॉन्टेज येथील मठांतल्या सिस्टर जेराल्डीन यांनीं जपून ठेवलेला व अ. भि. शहा यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेला पत्रव्यवहार हा त्या त्या दिवसाचा अस्सल कागद. या दोहोंच्या मध्यें अमेरिकेंतील रमाबाई मंडळाचे वार्षिक अहवाल, १८९७ मधील दुष्काळाच्या आठवणी, आणि १९०३ पासून केडगांवाहून निघणारें ‘मुक्ति प्रेअर बेल’ हें पत्रक, हीं साधनें येतात. हीं सर्व कालानुक्रमानें मांडलीं, म्हणजे असें दिसतें कीं रमाबाईंचा ईश्वरावरील हवाला एकाच दिवशीं पूर्ण झालेला नाहीं. तो पायरीपायरीनें वाढला. आणि प्रत्येक पायरीवर त्यांचे श्रम कमी न होतां वाढत गेले. हेंच आमचें प्रतिपाद्य आहे.

आरंभ त्यांच्या बाळपणापासून करावा लागतो, कारण ईश्वरावर विसंबून राहण्याचा पहिला धडा त्यांस तेथेंच मिळाला आणि तो अत्यंत कटु होता. रमाबाईंचा जन्म १८५८ च्या एप्रिलांत सह्याद्रींतील गंगामूळच्या आश्रमांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् पुराणिक. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांस स्वजनांचा रोष सोसावा लागला होता. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन यांवर निर्वाह करीत दक्षिणेंत हिंडूं लागलें. दुष्काळ पडला तेव्हां शिल्लक द्रव्य दानधर्म, अनुष्ठानें व व्रतें यांत खर्ची पडलें. द्रव्य संपल्यावर दागिने गेले, भांडीं गेलीं, आणि शेवटीं रानांतील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं आईवडील दोघेहि निवर्तले. १८९७ मध्यें या दिवसांविषयीं लिहितांना रमाबाईंनीं बोट ठेवलें तें एका विशेष गोष्टीवर: अंगमेहनत करून पोट भरण्याचें शिक्षण त्यांच्या घरांत कोणासच नव्हतें, आणि तसें करणें कमीपणाचें मानलें जाई. हा मजकूर वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें केडगांवीं जें उभें राहिलें त्याचा पाया या ओळींत आहे.

भाऊ श्रीनिवासशास्त्री यांच्याबरोबर त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या. तेथें त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० मध्यें भाऊ वारला, त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत वैधव्य आलें. कडेवर मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनीं आर्यमहिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, आणि १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षाच्या २९ सप्टेंबरास वॉन्टेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथून अस्सल पत्रांचा आधार सुरू होतो. या पत्रांतील रमाबाई भाविक चरित्रकारांच्या रमाबाईंहून निराळ्या आहेत. त्या वाद घालतात. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं शंका काढतात. चर्चचा अधिकार आणि आपली सदसद्विवेकबुद्धि यांचा तंटा पडला तर कोणाचें ऐकावें, असें विचारतात. चेल्टनहॅमच्या स्त्रीविद्यालयांत असतांना त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला व बिशपांनीं प्रतिकूल मत दिलें. तेव्हां त्यांनीं आपलें स्वातंत्र्य मठवासिनींच्या स्वाधीन करण्याचें साफ नाकारलें. सिस्टर जेराल्डीन यांस त्यांत अहंकार दिसला. आम्हांस त्यांत पहिली पायरी दिसते. मन व बुद्धि ईश्वराच्या हवालीं करावयाची, तर ती वाटेंत कोणा मध्यस्थाकडे गहाण ठेवतां येत नाहीं, हें त्या पत्रांचें तात्पर्य आहे. मात्र या वेळच्या कागदांत द्रव्याच्या किंवा संस्थेच्या बाबतींत ईश्वरावर विसंबण्याची भाषा प्रधान नाहीं. ती पुढची गोष्ट होय.

१८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहण्याकरितां त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्यें त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक निघालें आणि बॉस्टन येथें रमाबाई मंडळ स्थापन झालें. मंडळानें दहा वर्षें वर्गणी पुरविण्याची हमी दिली. संस्थेंत धर्मशिक्षणाची सक्ति नसावी असें ठरलें. त्या हमीवर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. म्हणजे आरंभीची संस्था ही करारावर, मुदतीवर आणि प्रतिष्ठित सल्लागारांवर उभी होती. न्या. रानडे व डॉ. भांडारकर हे त्या सल्लागारांत होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस मुली बसूं लागल्या, ‘केसरी’नें प्रकरण उचललें, आणि १८९३ सालीं सल्लागारांनीं राजीनामे दिले. पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. पुण्यांतील लोकाश्रयाचा आधार येथें तुटला.

या वादांत रमाबाईंची बाजू सर्वस्वीं निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. सक्ति नव्हती हें खरें. पण संस्थेच्या प्रमुखाच्या प्रार्थनेचें दार उघडें असणें हाहि कोंवळ्या वयावर एक प्रभावच होय, असें म्हणणाऱ्या पालकांची भीति समजण्यासारखी आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें असें कीं, याच सुमारास रमाबाईंच्या अंतरंगांत दुसरें एक स्थित्यंतर झालें होतें, आणि बाहेरच्या वादळांत तें झांकून गेलें.

१९०७ च्या धर्मसाक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळालेला नाहीं, अशी जाणीव त्यांस झाली. या जाणिवेस निमित्त झालें विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्यें वर्षानुवर्षें उपदेश करीत होते, आणि १८५१ सालीं एके दिवशीं व्यासपीठावर प्रवचन करतांना स्वतःच पालटले. इतरांस शिकविणाऱ्यानें आपण स्वतः कोठें उभे आहों हें विचारावें, हा त्या वृत्ताचा बोध. रमाबाई त्या वेळीं एका संस्थेच्या चालक होत्या, विद्वान् होत्या, दोन खंडांत कीर्ति पावल्या होत्या. अशा स्थितींत आपली आध्यात्मिक वाढ आपल्या विद्वत्तेनें होणार नाहीं असें कबूल करणें, ही दुसरी पायरी. ही गोष्ट उत्तरकालीन साधनावरून घेतलेली असल्यानें तिची तारीख सैल धरावी; पण १८९३ नंतरच्या वर्तनाशीं ती जुळते, म्हणून ती टाकून देण्याचें कारण नाहीं.

तिसरी पायरी सेवाकार्याच्या वाढीची. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्यें मिशन काढणारे हडसन टेलर, आणि न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन या तिघांचीं चरित्रें त्यांनीं वाचलीं, आणि तसेंच ईश्वरावर विसंबणें हिंदुस्थानांत कां शक्य नसावें, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. पुढें १८९५-९६ च्या सुमारास लोणावळ्याच्या रानांत ख्रिस्ती मंडळींची शिबिरसभा भरली असतां त्यांच्याबरोबर पंधरा नवख्रिस्ती मुली होत्या. पुढील सभेपर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशें पंचवीस मुली मिळाव्या, असें मागणें त्यांनीं प्रार्थनेंत मांडलें. तेवढ्या मुलींना राहावयास जागा नव्हती आणि पोसावयास निधि नव्हता. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, आणि सुमारें तीनशें अनाथ मुली व विधवा घेऊन परतल्या.

हा प्रसंग भाविक सांगतात तो येथेंच थांबवितात. पण केडगांवची जमीन अगोदरच घेतलेली होती, हें सहसा सांगितलें जात नाहीं. अमेरिकेची दहा वर्षांची हमी संपल्यावर शारदासदन कोणत्या आधारावर चालावें, या विवंचनेंतून रमाबाईंनीं पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव येथें शेत घेतलें होतें. फळबागेच्या उत्पन्नावर शाळा स्वावलंबी व्हावी असा त्यांचा हिशेब होता. झाडें लावलीं, विहिरी खणल्या. दुष्काळाच्या मुली आल्या, पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते, आणि फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें. दूरदृष्टीनें केलेली तजवीज होतीच. परंतु ती ज्या हेतूनें केली त्या हेतूस लागली नाहीं. रमाबाईंनीं यांत ईश्वराचा हात पाहिला. संशोधकानें तसें पाहावें असा आग्रह नाहीं. त्यानें एवढें मात्र नोंदवावें कीं त्यांची श्रद्धा रिकाम्या हातांची नव्हती.

१८९८ सालीं हमीची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेस गेल्या, मंडळाची नवी घडी बसली, आणि शारदासदनास साहाय्य चालू राहिलें. मुक्तिसदनाचा पाया मात्र वेगळा. तें उघडपणें ख्रिस्ती होतें, आणि त्याच्यामागें कोणत्याहि मंडळाची हमी नव्हती. एकाच बाईंच्या हाताखालीं दोन संस्था आणि दोन थैल्या, असा हा प्रकार होता. एका थैलीस करार होता. दुसरीस प्रार्थना होती. विरोधकांनीं आणि भक्तांनीं या दोन थैल्या एक केल्या, त्यामुळें सारा घोटाळा झाला. ‘रमाबाईंस अमेरिकन मंडळ पैसे देतें’ हें शारदासदनाविषयीं खरें. ‘रमाबाईंच्या मागें कोणी हमीदार नाहीं’ हें मुक्तिसदनाविषयीं खरें.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. मुक्तिसदन माणसांजवळ मागत नव्हतें असें म्हटलें, तरी ‘प्रेअर बेल’ छापलें जात होतें. पत्रें व वृत्तान्त इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील भाविकांच्या घरीं जात होते. मुलींची संख्या, विहिरींची स्थिति, नवीन इमारती हें सर्व त्यांत असे. वाचणाऱ्यास गरज कळे, आणि कळल्यावर तो देई. म्युलर यांच्या बाबतींतहि तेंच; त्यांचे वार्षिक हिशेब छापले जात. म्हणून मदत कोणत्या मार्गानें आली हें गूढ नाहीं. ती छापील कागदाच्या मार्गानें आली. परंतु मार्ग दाखविल्यानें श्रद्धा खोटी ठरत नाहीं. ज्यांस देण्याचें बंधन नाहीं अशा अनोळखी माणसांवर विसंबून १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर हजारांहून अधिक तोंडें पोसण्याचें पत्करणें, याला व्यवहारी मनुष्य धाडस म्हणेल. रमाबाई त्याला विश्वास म्हणत.

या विश्वासाची खरी कसोटी मुक्तिसदनाच्या दिनक्रमांत आहे. तेथें प्रार्थनेइतकेंच काम होतें. मुली शेती करीत, विणीत, गाईम्हशींची निगा राखीत, स्वयंपाक व शिवण करीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. अंध स्त्रियांनाहि ब्रेल लिपि व हातकाम शिकविलें जाई. १८७४ च्या रानांत पाला खाणारी मुलगी हाताला काम नसल्यामुळें अनाथ झाली होती. तिनें आपल्या आश्रयास आलेल्या एकीलाहि तसें राहूं दिलें नाहीं. पित्याचा हवाला आणि कन्येचा हवाला यांतील भेद दैवतांच्या नांवांत शोधणारे पुष्कळ आहेत. आमच्या मतें कागद दुसरीकडे बोट दाखवितात. पित्याच्या घरीं विश्वास हा श्रमाच्या जागीं बसला होता. केडगांवीं तो श्रमाच्या मागें उभा राहिला.

पण अन्नवस्त्राचा योगक्षेम हा सेवाकार्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग अंतरंगाच्या वाढीचा, आणि तेथें रमाबाईंची परीक्षा अधिक कठीण झाली. पोटासाठीं आलेल्या मुली बाप्तिस्मा घेत. पण तेवढ्यानें अंतःकरण पालटतें असें मानण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. आपलेंच उदाहरण त्यांच्यापुढें होतें. १९०५ च्या आरंभीं वेल्समधील धर्मजागृतीचीं वर्तमानें ऐकून त्यांनीं मुलींची प्रार्थनामंडळें बसविलीं, आणि त्या वर्षाच्या जूनअखेरीस मुक्तिसदनांत मोठी जागृति झाली. मुली रडत, मोठ्यानें एकदम प्रार्थना करीत, रात्ररात्र जागत. मिनी अ‍ॅब्रम्स या त्यांच्या अमेरिकन सहकारिणीनें त्याचा वृत्तान्त पुढील वर्षीं पुस्तकरूपानें लिहिला. अनेक परदेशीय मिशनऱ्यांस हा गलबला रुचला नाहीं. शिस्तीनें संस्था चालविणाऱ्या बाईंसहि तो सहज आवरतां आला असता.

त्यांनीं तो आवरला नाहीं. १९०७ च्या सुमारास त्यांनीं स्पष्ट लिहिलें कीं हिंदी माणसांत धर्मजागृति त्यांच्या स्वभावास व भावनेस साजेल अशाच रीतीनें येऊं द्यावी. पूर्वींच्या पत्रांतील रमाबाई, ज्यांनीं वॉन्टेजच्या गुरुभगिनीस आपल्या मनाचा ताबा दिला नव्हता, त्याच आतां आपल्या शिष्यांच्या मनाचा ताबा घेण्याचें नाकारीत होत्या. ईश्वराकडून होणारी वाढ मोजपट्टीनें होत नाहीं, हें लोणावळ्यास वर्गाची बेरीज मागणाऱ्या बाईंनीं दहा वर्षांत ओळखलें. आमच्या दृष्टीनें ही चौथी पायरी सर्वांत उंच होय.

हाच विचार महाराष्ट्राबाहेरच्या संस्थांपुरता किंवा एका बाईपुरता नव्हता. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनाचा आश्रय सोडला, आणि सातारा येथें बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘दरबार’ योजिला. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले, त्यामुळें त्या योजनेस काळाची जोड मिळाली नाहीं. तरीहि दोन्ही प्रसंगांत एक साम्य आहे: ठरीव वेतन व परकीय देखरेख असतां मराठी ख्रिस्ती जीव मोकळेपणीं वाढणार नाहीं, ही जाणीव.

रमाबाईंचें अखेरचें काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचें. प्रचलित मराठी भाषांतर साध्या, अशिक्षित बायकांस कळत नाहीं असें त्यांस वाटे. म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथांवरून सोपें मराठी भाषांतर आरंभिलें. तें मुक्तिसदनाच्याच छापखान्यांत मुलींच्या हातून छापलें गेलें. मनोरमेनें संस्था पुढें चालवावी अशी त्यांची योजना होती. १९२१ च्या जुलैंत मनोरमा वारली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनींहि देह ठेवला. त्यापूर्वीं भाषांतराचें काम हातावेगळें झालें होतें. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. वारस गेला, ग्रंथ राहिला. आणि केडगांवची संस्था आजहि चालू आहे.

आमच्या संग्राहक मित्रांस शेवटीं एक विनंती आहे. जुन्या पोथ्या व सनदा यांच्या गठ्ठ्यांत मुक्ति छापखान्याचें एखादें सुटें पान, ‘प्रेअर बेल’चा एखादा अंक, किंवा केडगांवीं शिकलेल्या एखाद्या आजीचें मोडक्या अक्षरांतलें पत्र सांपडल्यास तें मिशनरी कागद म्हणून बाजूस टाकूं नये. मराठी स्त्रियांनीं स्वतः जुळविलेल्या खिळ्यांची ती छाप आहे, आणि मराठी गद्याच्या इतिहासाचें तें एक साधन आहे. मात्र असा कागद जपतांना त्यावरील साल अगोदर पाहावें व टिपून ठेवावें. श्रद्धेचे कागदहि सालवारीनें लावले, तरच त्यांतून माणूस दिसतो.